विषयांतर, दहापैकी चार

मी तावडे टीचर. पूर्ण नाव देवयानी दौलत तावडे, पण ते रेशनकार्डावर. ठाण्यात रिक्षावाल्यापासून डोळ्यांच्या डॉक्टरपर्यंत सगळे मला 'टीचर'च म्हणतात, कारण एकतीस वर्षं मी सेंट अपोलोनिया हायस्कूलमध्ये आठवी ते दहावीला मराठी शिकवलं. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवणं म्हणजे काय असतं, ते ज्यांनी शिकवलंय त्यांनाच विचारा. पोरं माझ्या तासाला बाकाखाली गणिताचा गृहपाठ करायची. पालकसभेला आईबाप गणिताच्या, सायन्सच्या टेबलासमोर रांगा लावायचे आणि माझ्या टेबलाशी येऊन विचारायचे, "टीचर, बाथरूम कुठंय?"

संत अपोलोनियाचा सण नऊ फेब्रुवारीला असतो. ही दातांची संत. दाढ दुखायला लागली की आमच्या शाळेतल्या सिस्टर्स तिचा धावा करायच्या, आणि मग डेंटिस्टकडे जायच्या. त्या दिवशी सकाळची चर्चमधली मिस्सा झाली की शाळा एका माजी विद्यार्थ्याचा सत्कार करते. पद्धत अशी की सत्कारमूर्तीनं आपली एक टीचर निवडायची. त्या टीचरनं त्याचा हात धरून, पहिल्या दिवशी बालवाडीतल्या पोराला नेतात तसं, गेटपासून स्टेजपर्यंत न्यायचं. मानपत्रही तिनंच लिहायचं, तिनंच वाचायचं. शाल मात्र दोघांना.

मी रिटायर होऊन सोळा वर्षं झाली. या सोळा वर्षांत गणिताच्या सरांना सहा वेळा बोलावलं, सायन्सच्या टीचरला चार वेळा. एकदा तर पीटीच्या सरांना बोलावलं, ज्यांनी आयुष्यात शिट्टी वाजवण्यापलीकडे काही केलं नाही. मराठीच्या टीचरला? एकदाही नाही. दरवर्षी मी तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवायचे आणि घरी येऊन भांडी आपटायचे. भांड्यांचं मला आठवत नाही, पण आमचे हे तसं सांगतात.

तर यंदा जानेवारीत बंटी शेलारचा फोन आला. हा ब्याण्णवच्या बॅचचा. डोंबिवलीला मानपाड्यात टाइल्सचं दुकान आहे आणि आमच्या माजी विद्यार्थी संघाचा अध्यक्ष आहे. शाळेत असताना याला 'विद्यार्थी' हा शब्द धड लिहिता येत नव्हता.

"टीचर, बसलायत ना? बसा आधी. यंदा तुमचा नंबर लागलाय."

"कसला नंबर रे?"

"सत्काराचा! दिपेश केणीनं तुमचं नाव दिलंय. डॉक्टर दिपेश केणी, आमच्या बॅचचा, बाळकुमचा. लय मोठा सायंटिस्ट झालाय टीचर. समुद्रातले प्राणी, खाडी, त्याचा अभ्यास. जहाजावर असतो, परदेशात लेक्चर देतो. सिस्टर प्रिन्सिपलनी विचारलं, कोण टीचर पाहिजे, तर एका सेकंदात बोलला, तावडे टीचर. आठवतोय ना तुम्हाला?"

"अरे, आठवतोय म्हणजे काय! दिपेश ना? केणी ना? न आठवायला काय झालं?"

फोन ठेवला आणि मी सोफ्यावर बसले. आनंदानं अंगावर काटा आला होता, खोटं कशाला बोलू. पण दिपेश केणी म्हटल्यावर डोळ्यांसमोर कुणी म्हणजे कुणीच उभं राहिलं नाही.

आमचे हे खोपटच्या एसटी डेपोत कंट्रोलर होते. अजूनही सगळ्या गाड्यांचे नंबर त्यांना पाठ आहेत आणि माझी माणसं मला आठवत नाहीत याचा त्यांना भारी आनंद होतो.

"अहो, दिपेश केणी कोण असेल?"

"मला काय विचारतेस? तुझा पट्टशिष्य ना?"

"साठ-साठ पोरं असायची वर्गात. एकतीस वर्षं. करा हिशोब."

"मग त्याला सांग, बाबा रे, मी तुला ओळखत नाही."

"तोंडातून अभद्र काढू नका."

दंगेखोर पोरं मला सगळी आठवतात. फळ्याला मेण लावणारी, खिडकीतून पळणारी, माझी नक्कल करणारी. हुशार पोरंही आठवतात. पण जी पोरं मधल्या रांगेत बसून ना दंगा करतात ना हात वर करतात, ती कुठं जातात देव जाणे. मी ट्रंकेतून आठवीचा वर्गफोटो काढला. खाली छापलेल्या नावांत सापडलं, दिपेश केणी, वरून दुसरी रांग, उजवीकडून चौथा. तिथं पुढच्या पोराच्या डोक्यामागून एक कान आणि अर्धा डोळा दिसत होता.

त्या अर्ध्या डोळ्यावर मी मानपत्र लिहायला बसले. 'बालपणापासूनच कुशाग्र बुद्धी, विनम्र स्वभाव आणि अखंड ज्ञानलालसा यांचा त्रिवेणी संगम' असं सुरू केलं. ह्यांना वाचून दाखवलं.

"छान आहे," हे म्हणाले. "माझ्या शोकसभेत पण हेच वाच. कुणालाही चालेल."

मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही. म्हणजे जेवायला वाढलं, पण बोलले नाही.

मग एका दुपारी बंटीनं व्हॉट्सअ‍ॅपवर तीन फोटो पाठवले. खाली लिहिलं होतं, 'टीचर, दिपेशनं पस्तीस वर्ष जपून ठेवलेली निबंधाची वही!! तुमच्या ह्या एका शेऱ्यानं त्याची लाइफ चेंज झाली. फ्लेक्सवर हेच टाकतोय.'

पहिल्या फोटोत निबंध होता, 'माझा आवडता प्राणी'. सगळी पोरं कुत्रा, मांजर, फार तर हत्ती लिहितात. यानं निवटा लिहिला होता. निवटा म्हणजे खाडीच्या चिखलात राहणारा बोटभर मासा, पाण्याबाहेर येऊन चिखलावर उड्या मारतो. बाळकुमच्या कोळणी त्याचं कालवण करतात. खाली लाल शाईत शेरा होता, 'छान! मग पुढे काय झालं?' आणि दहापैकी सात.

मी फोन डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. मग चष्मा पुसला. अक्षर माझं नव्हतं.

गोलगोल अक्षर, 'छ'ची शेपटी पार पुढच्या शब्दाखाली गेलेली. हे अक्षर मी झोपेतही ओळखीन. ते ब्रिजेटचं होतं.

आता हे तुम्हाला सांगायलाच हवं. ब्रिजेट मिस्किटा पाचवी-सहावीला मराठी शिकवायची, आणि सगळ्यांना मॉरल सायन्स. ठाण्यातली जुनी ख्रिश्चन, घरात मराठीच बोलणारी, माझी शाळेतली एकमेव जिवाची मैत्रीण. तिला प्रोग्रेस कार्डं भरायचा भयंकर कंटाळा. बेरजा, सरासरी, टक्के म्हटलं की हिचं डोकं दुखायचं. आणि मला साठ-साठ निबंध तपासून मान मोडायची. मग आम्ही दोघींनी गुपचूप ठरवलं होतं. तिची सगळी प्रोग्रेस कार्डं मी भरायची आणि माझ्या निबंधांच्या गठ्ठ्यातल्या वरच्या तीस वह्या तिनं तपासायच्या. प्रिन्सिपलना कळलं असतं तर दोघींना मेमो मिळाला असता. दहा-बारा वर्षं हे चाललं, कुणाला पत्ता लागला नाही. ह्यांनाही नाही.

दुसऱ्या फोटोत पुढचा निबंध होता, 'माझी आई'. तो फोटो बंटीनं वरून-खालून कापला होता. फक्त शेवटच्या चार ओळी, त्यातही निवटाच, आणि खाली शेरा. 'विषयांतर! विषयाला धरून लिहावे.' दहापैकी चार. हे अक्षर माझं होतं, टोकदार, रागावलेलं. बंटीनं त्याखाली हसणारी बाहुली टाकून लिहिलं होतं, 'हे नाही टाकत फ्लेक्सवर, टेन्शन घेऊ नका.'

तिसरा फोटो फ्लेक्सचा. माझा साठीतला फोटो, त्यावर हातभर अक्षरांत, 'मग पुढे काय झालं?'

मी स्वयंपाकघरात जाऊन उगीचच डबे लावले. ज्या वाक्यानं पोराचं आयुष्य घडलं ते ब्रिजेटचं, आणि ज्या शेऱ्यानं त्याला गप्प केलं असेल तो माझा. आणि शाल घेणार कोण, तर मी. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी मला खोपटला डोंबिवलीच्या गाडीत बसवून दिलं. डेपोत अजून त्यांना सलाम ठोकतात, त्यामुळे खिडकीची जागा मिळाली. ब्रिजेट हल्ली मानपाड्याला भाच्याकडे राहते. एकोणऐंशी वर्षांची आहे, गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे.

"काय गो, आज सूर्य पश्चिमेला उगवला?" तिनं दार उघडत म्हटलं. "चार महिन्यांत फोन नाय."

मी मोबाइल तिच्या नाकासमोर धरला. तिनं चष्मा लावला, पाहिलं आणि खुदकन हसली.

"माझंच अक्षर हाय. शेपटी बघ."

"ब्रिजेट, या शेऱ्यानं त्या पोराचं आयुष्य बदललं म्हणे. मोठा शास्त्रज्ञ झालाय. तुला आठवतंय का हे लिहिलेलं?"

"न आठवायला काय? सगळ्यांनाच लिहायची मी."

"म्हणजे?"

"म्हणजे सगळ्यांना. तिसाच्या तीस वह्यांवर, 'छान! मग पुढे काय झालं?' आणि सात मार्क. तुझं मराठी म्हणजे सोवळ्यातलं. मी चूक काढायची आणि तीच चुकीची निघायची, मग तू माझा जीव घेणार. त्यापेक्षा हे बरं. कुठल्याही निबंधाला चालतं."

"तू वाचायची नाहीस?"

"पहिल्या चार ओळी वाचायची गो. खोटं नाय सांगत."

मला हसावं की तिचा गळा धरावा कळेना. बारा वर्षं मी हिच्या टक्केवाऱ्या काढल्या, दोन दशांश स्थळांपर्यंत. आणि ही बाई चार ओळी वाचून सात मार्क वाटत होती.

"ते असू दे," मी म्हटलं. "पण शाल तुझी आहे. मी स्टेजवर तसं सांगणार."

ब्रिजेटचा चेहरा एकदम बदलला. "खबरदार! सिस्टर प्रिन्सिपलसमोर? या वयात माझी शोभा करतेस? आणि त्या पोराचा विचार कर. पस्तीस वर्षं त्यानं ते मनात धरलं. त्याला काय सांगणार, बाबा, तुझ्या टीचरनं ते लिहिलंच नाय, आणि जिनं लिहिलं तिनं वाचलंच नाय? का त्याचं मोडतेस? गप्प शाल घे, घरी ये, मटण खा."

तिनं माझा हात धरला आणि हळूच म्हणाली, "तुला एकदा तरी बोलवायला पायजे होतं गो. मी दरवर्षी प्रार्थना करायची."

परतताना गाडीत मी पदरानं डोळे पुसले. शेजारच्या बाईनं विचारलं, "कोण वारलं का?" मी नाही म्हटलं.

ब्रिजेटचं म्हणणं मला पटलं, हे मी मान्य करते. किंवा पटवून घेतलं. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते समोर आलंय, पोर खूश, बंटी खूश, ब्रिजेट स्वतः म्हणते घे. मग माझ्या पोटात का दुखावं? गप्प राहायचं ठरवलं. मोरपंखी पैठणी काढली, खोटं मानपत्र सुवाच्य अक्षरात उतरवलं, आणि नऊ तारखेला सकाळी साडेनऊला शाळेच्या गेटवर उभी राहिले.

फ्लेक्स मी समजले होते त्याहून मोठा होता. तीन मजली. रस्त्यावरची माणसं थांबून वाचत होती. बंटी सफारी घालून इकडून तिकडे पळत होता.

तेवढ्यात गाडीतून एक उंच, सावळा, पन्नाशीकडे झुकलेला माणूस उतरला. उन्हानं रापलेला, कानांवरचे केस पांढरे. सरळ येऊन माझ्या पायांवर वाकला.

"टीचर, मी दिपेश."

मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. काहीच नाही, अगदी रिकामं. "मोठा झालास रे!" मी म्हटलं. आता पन्नाशीचा माणूस मोठा नाही होणार तर काय होणार? पण तो लहान मुलासारखा लाजला.

बँड सुरू झाला. मी त्याचा हात धरला. खरखरीत, मोठा पंजा होता. माझ्या गुडघ्यांसाठी त्यानं आपली पावलं बारीक केली, मला न कळेल अशा बेतानं. दोन्ही बाजूंना पोरं टाळ्या वाजवत होती आणि मी मानेनं नमस्कार घेत चालले होते, महाराणीसारखी. मजा येत होती, खरंच येत होती.

मग तिसरी रांग आली. माझ्या नेहमीच्या जागेवर ब्रिजेट बसली होती. दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन टाळ्या वाजवत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडभर हसू. शेजारच्या बाईला कोपरानं ढोसून सांगत होती, "माझी मैत्रीण!" वर फ्लेक्सवर तिचं वाक्य माझ्या नावानं लटकलं होतं आणि ती माझ्यासाठी टाळ्या वाजवत होती. याच रांगेत बसून सोळा वर्षं मीही टाळ्या वाजवल्या होत्या. पण अशा नाही. एकदाही अशा नाही.

स्टेजवर सिस्टर प्रिन्सिपलनं दोघांना शाली घातल्या. माईक माझ्यासमोर आला. मी मानपत्राची गुंडाळी उघडली. 'बालपणापासूनच कुशाग्र' इथपर्यंत वाचलं आणि नजर पुन्हा तिसऱ्या रांगेवर जाऊन थांबली. हॉलमध्ये चुळबुळ सुरू झाली. बंटी खालून हातवारे करत होता, टीचर, पाणी?

"पाणी नको," मी माईकमध्येच म्हटलं. "ऐका सगळे. बाहेर फ्लेक्सवर जे वाक्य लावलंय ते माझं नाही. ते ब्रिजेट मिस्किटा टीचरचं आहे. माझ्या वर्गाच्या अर्ध्या वह्या त्या तपासायच्या आणि त्यांची प्रोग्रेस कार्डं मी भरायचे. आम्ही हे लपवून केलं. सिस्टर, मेमो द्यायचा तर मला द्या, त्यांना नको. ही शालही त्यांची आहे."

ब्रिजेटनं कपाळावर हात मारलेला मला वरून दिसला. दिपेशकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

आणि मग ब्याण्णवची बॅच हसायला लागली. आधी एक, मग चार, मग सगळीच. मेघाली भोईर म्हणून एक आगाऊ मुलगी होती, आता वकील आहे, ती उभी राहून ओरडली, "टीचर, आम्हाला माहीत होतं!"

"काय माहीत होतं?"

"सगळ्या वर्गाला माहीत होतं! वरच्या तीस वह्या ब्रिजेट मिसकडे जायच्या. तिथं सात मार्क फिक्स! मॉनिटरला चॉकलेट देऊन आम्ही वह्या वर सरकवायचो."

"तुम्ही दोघी सोडून सगळ्यांना माहीत होतं टीचर," बंटी खालून म्हणाला.

घ्या. दहा-बारा वर्षं आम्ही दोघी चोरासारख्या वह्यांची पिशवी पदराखाली लपवून नेत होतो, आणि हे सगळे बघून हसत होते. मला राग यायला हवा होता, पण मेल्यांचा तो आनंद बघून मलाच हसू फुटलं. सिस्टर प्रिन्सिपल तर तोंडावर रुमाल धरून हलत होत्या.

दिपेश माईकजवळ आला. "टीचर, मीही एकदा वही वर सरकवली होती," तो म्हणाला. "ती निवट्याची. सात मिळाले. पुढच्या वेळी मात्र माझी वही खाली राहिली, आणि मला चार मिळाले. त्यानंतर दहावीपर्यंत मी माझी वही मुद्दाम खाली ठेवायचो."

"का रे?" माझ्या तोंडून निघालं.

त्यानं पिशवीतून वही काढली. तीच, तपकिरी कव्हरची. दुसरा निबंध उघडून माझ्या हातात दिला. "बंटी, मी तुला चार पानं पाठवली होती ना?"

"अरे, दहापैकी चार फ्लेक्सवर लावू काय?" बंटी म्हणाला. "मला वाटलं, लाइफ चेंज म्हणजे छानवालाच शेरा असणार. अक्षर कुणाचं ते बघितलंच नाही मी."

मी वही पाहिली. 'माझी आई'. आई पहाटे खाडीवर जाते, निवटे पकडते, इथवर तीन ओळी. आई तिथंच संपली. पुढं अडीच पानं नुसता निवटा. आणि त्या अडीच पानांत पहिल्यापासून शेवटच्या ओळीपर्यंत माझा लाल पेन फिरला होता. एक ओळ सुटली नव्हती. दुसऱ्या पानावर त्यानं लिहिलं होतं, 'भरती आली की निवटा बिळात जातो.' त्याखाली दोन लाल रेघा, आणि समासात माझ्या टोकदार अक्षरात एक प्रश्न होता. 'सगळे निवटे? तू स्वतः पाहिलेस की कुणी सांगितले? पाहून ये.'

"मला मामानं सांगितलं होतं," दिपेश म्हणाला. आता तो हॉलशी बोलत नव्हता, माझ्याशीच बोलत होता. "तुमचा शेरा वाचून मला रडू आलं. घरी कुणी वही बघायचं नाही. चार मार्क बघून आईला काय सांगू कळेना. मग रविवारी भरतीच्या वेळेला खाडीवर जाऊन बसलो. तीन तास. बरेचसे बिळात गेले. पण काही तिवराच्या झाडावर चढले, टीचर. बुंध्याला चिकटून बसले, पाणी उतरेपर्यंत. मी आईला सांगितलं तर ती म्हणते, हे तर आम्हाला माहीतच हाय, मामाला काय कळतंय? तेव्हापासून कुणी काही सांगितलं की आधी तुमचा पेन दिसतो. माझे विद्यार्थी रिपोर्ट घेऊन येतात ना, त्यांच्या समासात मीही हेच लिहितो. शिव्या घालतात मला."

मला समोरचं दिसेनासं झालं. मी मानपत्राची गुंडाळी करून कमरेला खोचली, पैठणीवर. त्यातलं अक्षर न् अक्षर ऐकीव होतं.

"हे परत लिहून आणते," मी माईकमध्ये म्हटलं. "आत्ता वाचण्यासारखं नाही."

टाळ्या किती वाजल्या ते मला सांगता येणार नाही. ब्रिजेटला दोघांनी धरून वर आणलं, तिसरी शाल आली, आणि तिनं माईक हिसकावून सांगितलं, "मी चारच ओळी वाचायची, मला कशाला शाल? पण आणलीय तर द्या!" पुन्हा हशा. मला मात्र एकच गोष्ट टोचत राहिली होती.

कार्यक्रमानंतर अंगणात चहा-समोसे होते. दिपेशभोवतीची गर्दी ओसरल्यावर मी त्याला जिन्याखाली बोलावलं.

"दिपेश, एक सांगायचंय. रागावू नकोस. मला तू आठवत नाहीस रे. पंधरा दिवस डोकं फोडलं. वही बघितली तरी नाही. माझं अक्षर ओळखलं, तू नाही."

मला वाटलं त्याचा चेहरा पडेल. तो समोसा हातात धरून हसला.

"मला माहीत होतं, टीचर. गेटवर तुमच्या डोळ्यांतच दिसलं. अहो, तीन वर्षांत तुम्ही मला एकदाही नावानं हाक मारली नाही. मी खिडकीजवळच्या शेवटच्या बाकावर असायचो. तुमची नजर तिथवर यायचीच नाही. वही तेवढी बघायचात."

त्याच्या आवाजात जराही तक्रार नव्हती, आणि म्हणूनच ते मला जास्त लागलं. एकतीस वर्षं मी पोरांना पाहून या, पाहून या म्हणत राहिले.

मी त्याच्या हातातली समोशाची बशी घेऊन जिन्यावर ठेवली आणि त्याच्या दंडाला धरून त्याला जिन्याखालच्या अंधारातून बाहेर ओढलं.

"इकडे ये," मी म्हटलं. "उजेडात उभा राहा जरा. बघू दे मला."